कपाटातला छोटा कॅमेरा

प्रश्न : माझ्याकडे २०१२ साली घेतलेला, शर्टाच्या खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा आहे. मुलीच्या फोनमधील छायाचित्रे त्याहून स्पष्ट येत असल्यामुळे तो मोडीत काढावा, असे घरच्यांचे मत पडले. रोजच्या जगण्यातले काही वेगळे टिपण्यासाठी त्याचा उपयोग होईल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : मोडीत काढू नका, मात्र प्रथम बॅटरी पाहा. वर्षानुवर्षे पडून राहिलेली लिथियम बॅटरी फुगलेली आढळल्यास ती चार्ज न करता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी आणि दुसरी घ्यावी.

घरच्यांचे निरीक्षण चुकीचे नाही. अशा कॅमेऱ्यांतील सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपून चित्र घडवणारा भाग, बहुधा ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान असतो. उलट आजचा फोन एका क्षणात अनेक चित्रे घेऊन ती जोडतो, सावल्या उजळतो आणि आकाशही सावरून घेतो. तुमचा कॅमेरा यातले जवळजवळ काहीच करत नाही, सावली काळीच ठेवतो, आणि माझ्या मते त्याचे खरे मोल तेथेच आहे. सकाळचे तिरपे ऊन गल्लीत उतरते तेव्हा ओसरीच्या अंधारातून बाहेर आलेला केवळ एक हात आणि दुधाची किटली उजळावी, बाकी सारे काळोखात राहावे, असे चित्र फोनकडून मिळवायचे तर त्याच्याशी भांडावे लागते. येथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे चित्र उजळ किंवा गडद करण्याची अधिक-उणे चिन्हाची सोय, उणे १ वर नेली की बहुतेक काम होते. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे धरून चालतो; त्यामुळे चुन्याची भिंत मळकट आणि काळी म्हैस धुरकट उमटते. म्हणून भिंतीसाठी अधिक आणि म्हशीसाठी उणे करावे लागते, हे पहिल्यांदा उलटेच वाटते.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट फ्लॅशची. फोनचा दिवा सलग जळतो, तर छोट्या कॅमेऱ्यातील झेनॉन फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास चमकून विझतो. पावसाळ्यात तिन्हीसांजेला पत्र्याच्या आडोशाने उभे राहून, कॅमेऱ्यावर पाणी येऊ न देता, फ्लॅशसह एक छायाचित्र घ्या. भिंगाजवळचे थेंब पांढऱ्या चकत्यांसारखे हवेत थबकलेले दिसतील. त्यातच ‘स्लो सिंक’, म्हणजे फ्लॅशसोबत शटर जास्त वेळ उघडे ठेवण्याची सोय, निवडल्यास सायकलस्वार फ्लॅशपुरता स्पष्ट उमटतो आणि मागच्या दिव्यांच्या रेघा ओढल्या जातात. दहांपैकी आठ चित्रे फसतील, पण येथे रीळ वाया जाण्याची भीती नाही.

झूम मात्र महिनाभर विसरा. डिजिटल झूम तर बंदच करावा, कारण तो चित्र कापून मोठे दाखवण्यापलीकडे काही करत नाही. भिंग सर्वांत रुंद कोनात असताना त्यातून प्रकाशही अधिक येतो आणि फुलाच्या चिन्हाची मॅक्रो सोय वापरून काही सेंटिमीटरवरच्या वस्तूवर फोकस करता येतो. मुंगी, पितळी तांब्यातले प्रतिबिंब, भाजणीचे कण हे विषय घरातच सापडतील.

प्रश्न : नवा छोटा कॅमेरा घेताना मेगापिक्सेल पाहावेत का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही, सेन्सरचा आकार पाहावा. ‘एक इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतील नळ्यांच्या व्यासावरून चालत आले आहे. तरीही वरच्या उत्तरातील सेन्सरच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ सुमारे चौपट भरते. जपानचे छायाचित्रकार दाइदो मोरियामा वर्षानुवर्षे रिको जीआर मालिकेतील छोटे कॅमेरे घेऊन रस्त्यावर हिंडत आले आहेत. त्या मालिकेतील २०१९ च्या जीआर थ्रीमध्ये एपीएस-सी आकाराचा, म्हणजे ‘एक इंची’हूनही बराच मोठा, सेन्सर आहे, ऑप्टिकल झूम अजिबात नाही, आणि अंतर आधीच ठरवून ठेवण्याची ‘स्नॅप फोकस’ सोय आहे: अंतर २ मीटर आणि अॅपर्चर, म्हणजे भिंगातले प्रकाश आत सोडणारे छिद्र, एफ ८ वर ठेवले की साधारण १ मीटरपासून बऱ्याच दूरपर्यंतचे सारे स्पष्ट येते आणि फोकस होण्याची वाट पाहावी लागत नाही. दुकानात कोणताही कॅमेरा हाताळताना तो खिशातून काढल्यापासून पहिले छायाचित्र निघेपर्यंत किती वेळ जातो, हे अवश्य मोजावे.