ऐनवेळी काही सुचलेच नाही तर?

चारचौघांत उभे राहिल्यावर ऐनवेळी काही सुचले नाही तर काय करायचे, ही भीती महाविद्यालयीन मुलामुलींमध्ये इतकी सर्रास आढळते की पुष्कळ पालक तिला लाजाळूपणा म्हणून सोडून देतात आणि पुष्कळ शिक्षक तिला तयारीचा अभाव समजतात. प्रत्यक्षात या मुलांची तयारी बहुधा गरजेपेक्षा जास्तच असते. अलीकडे महाविद्यालयांमधून शनिवार-रविवारी इम्प्रोव्हच्या कार्यशाळा होतात. तेथे संहिता नसते. प्रेक्षकांनी सुचवलेल्या स्थळावरून किंवा नात्यावरून विद्यार्थी जागच्या जागी विनोदी प्रवेश उभे करतात आणि रविवारी संध्याकाळी त्याचा प्रयोग होतो. बोलायला घाबरणाऱ्या मुलाला अशा ठिकाणी पाठवावे का, की त्याचे चारचौघांत हसे होऊन तो आणखी मिटून जाईल, असे समुपदेशक म्हणून मला अनेकदा विचारले जाते. एका विद्यार्थिनीच्या अनुभवाच्या आधारे मी त्याचे उत्तर देत आहे. लिहिण्यासाठी तिची संमती घेतली आहे आणि तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावातून पुण्यात अभियांत्रिकी शिकायला आलेली, मराठी माध्यमातली, द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी. लेखी परीक्षेत तिचे गुण उत्तम असत, परंतु सेमिनारच्या दिवशी ती हमखास आजारी पडे आणि तोंडी परीक्षेत येत असलेले उत्तरही तिच्या तोंडून निघत नसे. खोलीतल्या मैत्रिणीने उत्साहाने दोघींचीही नावे कार्यशाळेसाठी दिली होती. ती माझ्याकडे आली तेव्हा तिची मागणी साधी होती. ‘‘मॅडम, मला बरं नाही असं पत्र द्याल का? म्हणजे नाव मागे घेता येईल.’’

मी पत्र देण्याविषयी हो किंवा नाही काहीच म्हटले नाही. तिथे नेमके काय होईल असे तुला वाटते, एवढेच विचारले. तिने एका दमात सांगितले की ती उभी राहील, काही सुचणार नाही, सगळे हसतील आणि त्याचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर जाईल. अशा वेळी समुपदेशकाने सगळ्या भीतींना एकाच मापाने मोजू नये, असे माझे ठाम मत आहे. ‘सगळे हसतील’ हा तिचा अंदाज होता आणि अंदाज पडताळून पाहता येतो. व्हिडिओची भीती मात्र मनाचा खेळ नव्हती. आजच्या काळात ती रास्त आहे आणि तिच्यावर समजूत घालण्याचा नव्हे, तर आयोजकांकडून आधीच खात्री करून घेण्याचा उपाय आहे. म्हणून पहिले काम तिच्याकडेच दिले. चित्रीकरण होणार का, एखाद्या खेळात भाग न घेता बसून राहिले तर चालेल का आणि मराठीत बोलले तर चालेल का, हे कार्यशाळा घेणाऱ्या प्रशिक्षकाला तिने स्वतः लिहून विचारायचे. तिसरा प्रश्न तिचा स्वतःचा होता. पुण्यातल्या मुलांसमोर आपली बोली उघडी पडेल, ही लाज तिच्या भीतीच्या मुळाशी होती आणि ती त्या प्रश्नामुळेच पहिल्यांदा माझ्यासमोर आली.

उत्तर समाधानकारक आले. सरावाचे चित्रीकरण नव्हते, प्रयोगाच्या चित्रीकरणातून नाव वगळता येत होते, बसून राहण्याची मुभा होती आणि भाषा कोणतीही चालणार होती. दरम्यान तिच्या आईचा मला फोन आला. ‘‘मॅडम, आम्ही तिला इंजिनिअर व्हायला पाठवलंय, नकला करायला नाही. आणि मुलामुलींचं एकत्र असलं काही आपल्याकडं असतं का?’’ आईची काळजी मी गंभीरपणे घेतली, कारण पोटाला चिमटा काढून मुलीला शिकवणाऱ्या घराला असा प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. त्यांना मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही की संहितेशिवाय बोलणे आपल्याकडे नवीन नाही. सिंधुदुर्गातील दशावतारात आजही प्रयोगापूर्वी फक्त आख्यान ठरते, संवाद लिहिलेले नसतात, आणि नट समोरच्याचे बोलणे ऐकून रात्रभर नाटक उभे करतात. तमाशातील बतावणीतही जागच्या जागी सुचलेल्या बोलण्याला मोठे स्थान आहे. दुसरी गोष्ट अशी की मुलगी अभियंता झाली तरी तिला मुलाखत द्यावीच लागेल, आणि आजच्या घडीला ती तिथपर्यंत पोहोचण्याआधीच मागे फिरते आहे.

या खेळांचा उगम मला विशेष महत्त्वाचा वाटतो. आधुनिक इम्प्रोव्हचे पुष्कळसे खेळ व्हायोला स्पोलिन या अमेरिकन बाईंनी घडवले. त्यांनी शिकागोच्या हल हाउस या सेवाभावी केंद्रात नेव्हा बॉइड यांच्याकडे गटखेळांचे शिक्षण घेतले होते, आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस, मंदीच्या काळातील सरकारी रोजगार योजनेत काम करताना, वेगवेगळ्या देशांतून आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना एकत्र आणण्यासाठी हे खेळ वापरले. त्यांपैकी अनेक मुलांची भाषाही एक नव्हती. स्पोलिन यांचे पुत्र पॉल सिल्स यांनी सहकाऱ्यांसह १९५५ मध्ये कंपास प्लेअर्स आणि १९५९ मध्ये सेकंड सिटी हे रंगमंच सुरू केले, आणि त्यानंतर या पद्धतीला विनोदी कार्यक्रमाचे रूप आले. म्हणजे विनोद नंतर आला. आधी होते ते बुजणाऱ्या मुलांना एकमेकांकडे पाहायला लावणे. भाषेची लाज बाळगणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीला मी हे सविस्तर सांगितले, तेव्हा ती बराच वेळ त्या मुलांविषयीच विचारत राहिली.

आता भीतीच्या यंत्रणेकडे वळू. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भयाचे जे विवेचन मांडले, त्यानुसार अशी व्यक्ती लोकांत गेली की तिचे लक्ष समोरच्या माणसावरून उठून स्वतःवर खिळते. छाती किती धडधडते आहे, आवाज कापतो आहे का, चेहरा कसा दिसत असेल, याचीच ती आतून तपासणी करत राहते आणि आत जे जाणवते तेच बाहेर सर्वांना दिसते आहे असे गृहीत धरते. त्यातून बचावाच्या सवयी लागतात. माझी विद्यार्थिनी घाम दिसू नये म्हणून सेमिनारला गडद रंगाचेच कपडे घाली, कोणाच्या चेहऱ्याकडे पाहत नसे आणि प्रत्येक वाक्य शब्दशः पाठ करी. पाठ केलेले भाषण माळेसारखे असते. एक मणी निसटला की उरलेले हातात राहत नाहीत. तिला ज्या क्षणाची भीती वाटे, तो क्षण तिची तयारीच ओढवून आणत होती. इम्प्रोव्हमध्ये पाठ करण्यासारखे काहीच नसते. हीच गोष्ट तिला सर्वांत भयंकर वाटत होती आणि याच कारणासाठी तिने तिथे जावे असे मला वाटत होते.

लोक आपल्याकडे किती लक्ष देतात, याचा आपला अंदाजही फुगलेला असतो. कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना संकोच वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले. साधारण निम्म्या लोकांच्या ते लक्षात आले असेल असे घालणाऱ्यांना वाटले. प्रत्यक्षात ते सुमारे पाव लोकांच्याच लक्षात आले होते. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मी तो तिला सांगितला, पण अभ्यास ऐकून भीती जात नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून आम्ही तिचाच एक प्रयोग आखला. शनिवारी सकाळी जाण्यापूर्वी तिने आपले अंदाज कागदावर लिहायचे आणि रात्री प्रत्यक्षात काय घडले ते त्यांच्यासमोर नोंदवायचे. घरून विनोद तयार करून न्यायचे नाहीत. बोलण्याची वेळ आली की जोडीदाराच्या चेहऱ्याकडे पाहायचे आणि त्याचा शेवटचा शब्द कानात धरायचा. रविवारच्या प्रयोगात उतरायचे की नाही, हे शनिवारी रात्रीपर्यंत ठरवायचे नाही.

शनिवारी सुरुवात गोलात उभे राहून झाली. कोणी चुकले की सगळ्यांनी हात वर करून त्याचे स्वागत करायचे, असा नियम होता. त्यानंतर दोघांनी समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या हालचाली आरशाप्रमाणे करायच्या, हा स्पोलिन यांचा जुना खेळ झाला. त्या खेळात बोलायचे नसते आणि समोरच्यावरून नजर हटली की खेळच थांबतो. म्हणून माझ्या दृष्टीने दिवसभरातील तो सर्वांत मोलाचा भाग होता. आपण कशा दिसतो आहोत हे त्या पाच-सात मिनिटांत आपल्या मनातच आले नाही, असे तिने रात्री कागदावर लिहिले. दुपारी तिला एका मुलासोबत प्रवेश करावा लागला. स्थळ मिळाले एसटी स्टँड. त्याने विचारले, ‘‘बस कधी येणार?’’ आणि तिला खरोखरच काही सुचले नाही. काही क्षण गेले. मग तिने घाबरून त्याचेच वाक्य परत म्हटले, ‘‘बस कधी येणार?’’ त्याने ते चूक म्हणून घेतले नाही. तीही कालपासून तिथेच अडकलेली प्रवासी आहे असे मानून तो तिच्या शेजारी बसला आणि त्याने आपला डबा उघडला. लोक हसले.

त्या हसण्याबद्दल आम्ही सोमवारी बराच वेळ बोललो. तिच्या कागदावर ‘सगळे हसतील’ असे लिहिलेले होते आणि सगळे हसले होते, म्हणजे अंदाज शब्दशः खरा ठरला होता. तरीही लोक कशावर हसले, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘मॅडम, बस येत नव्हती त्यावर.’’ शाळेत असताना तिच्या एका उच्चारावरून वर्ग हसला होता आणि तेव्हापासून हसणे म्हणजे आपल्यावर हसणे असेच समीकरण तिच्या मनात बसले होते. जोडीदाराने तिचे वाक्य स्वीकारून पुढे नेल्यामुळे तिला दुसऱ्या प्रकारच्या हसण्याचा अनुभव मिळाला, आणि असा अनुभव समुपदेशनाच्या खोलीत बसून देता येत नाही.

रविवारच्या प्रयोगात ती दोन प्रवेशांत उतरली. पहिल्या प्रवेशात स्टँडवरच्या निवेदकाचा आवाज तिने आपल्या गावाकडच्या बोलीत काढला आणि तो लोकांना आवडला. दुसऱ्या प्रवेशात ती मधेच थांबली, तेव्हा दुसऱ्या मुलीने पुढे येऊन प्रवेश बदलला. छाती दोन्ही वेळा सारखीच धडधडली, हे ती प्रामाणिकपणे सांगते. फरक इतकाच की धडधड सुरू असतानाही काम करता येते आणि काही मिनिटांनी ती आपोआप उतरते, हे तिने स्वतः अनुभवले.

हे वाचून प्रत्येक संकोची मुलाला उचलून कार्यशाळेत टाकावे, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. दुसऱ्या एका विद्यार्थ्याला मित्रांनी आग्रहाने अशाच एका कार्यक्रमात नेले होते. तिथे त्याच्या जाडीवरून प्रवेश रंगवला गेला, कोणी थांबवले नाही, आणि त्यानंतर तो कित्येक आठवडे मेसमध्ये जेवायलाही जात नव्हता. कार्यशाळा कोण घेते, एखाद्याचे शरीर, जात, बोली किंवा रंग यांवर विनोद करण्यास तिथे स्पष्ट मनाई आहे का, स्पर्शाविषयी आधी विचारले जाते का आणि खेळातून बाहेर पडणाऱ्याचा मान राखला जातो का, हे पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी निःसंकोच विचारावे. ज्या मुलाने खोलीबाहेर पडणेच बंद केले आहे, ज्याला वारंवार घबराटीचे झटके येतात किंवा ज्याच्या बोलण्यात जगणे नकोसे झाल्याची भाषा येते, त्याला आधी मानसोपचार हवेत. सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

दोन दिवसांत स्वभाव बदलतो, असा दावाही मी करणार नाही. अमेरिकेतील डेट्रॉइटच्या शाळांमध्ये इम्प्रोव्हच्या प्रशिक्षण कार्यक्रमावर जो अभ्यास झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ज्या मुलांमध्ये सामाजिक भयाची लक्षणे आधी आढळली होती त्यांची लक्षणे पुढे कमी झालेली दिसली. पण तो कार्यक्रम दहा आठवड्यांचा होता. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेतून एक पुरावा हाती येतो, आणि त्याच्यावर पुढचे काम करावे लागते.

आम्ही ते काम सुरू ठेवले. पुढच्या सेमिनारला तिने भाषण पाठ केले नाही. एका कागदावर फक्त मुद्दे लिहिले, पहिल्या रांगेतील मैत्रिणीकडे पाहून सुरुवात केली आणि हात थरथरत असतानाच ते पूर्ण केले. तोंडी परीक्षेचा सराव ती आता प्रयोगशाळेतील सहकाऱ्यासोबत करते. तो प्रश्न आधी सांगत नाही, आणि उत्तर येत नसेल तर ‘हे मला आठवत नाही, पण एवढे सांगू शकते’ असे म्हणून ती बोलणे चालू ठेवते. आईचा नंतर पुन्हा फोन आला होता, तो मुलाखतींची तयारी कधीपासून करायची हे विचारण्यासाठी. अनोळखी माणसाशी फोनवर बोलण्याची तिची भीती मात्र अजून फारशी कमी झालेली नाही, आणि सध्या आमच्या भेटींत त्यावर काम चालू आहे.