शिस्तीच्या आडून

प्रश्न : आंरी द माँतेर्लां यांचं 'ज्या नगरीचा राजा लहान मूल आहे' हे फ्रेंच नाटक भाषांतरातून वाचलं. फादर द प्राद मोठ्या मुलाला शाळेतून काढतात ते शिस्त म्हणून की मत्सरापोटी? आणि हे नाटक रंगभूमीवर यायला इतकी वर्षं का लागली?

उत्तर : माझं मत विचाराल तर मत्सर. पण शिस्तही खोटी नाही, आणि म्हणूनच नाटक बोचतं. सोळा वर्षांचा सेव्रे आणि चौदा वर्षांचा सुप्लिये यांच्या जवळिकीवर पॅरिसमधल्या त्या कॅथलिक शाळेची नजर असणारच. मेख अशी, की नजर ठेवणाऱ्या फादरचाच धाकट्यावर जीव जडलाय. त्यांचं प्रत्येक वाक्य नियमात बसतं, पण त्यामागची घाई नियमाची नसते. आधी सेव्रेला मोकळीक देतात, नंतर दोघं अडगळीच्या खोलीत सापडले की त्यालाच बाहेर काढतात.

मी सहा वर्षं वसतिगृहात काढली. आमच्या रेक्टरबाईंची एक लाडकी मुलगी होती. तिची माझ्याशी गट्टी जमली आणि आठवड्याभरात माझी खाट दुसऱ्या खोलीत गेली. कारण सांगितलं, 'रात्री फार बोलता.' बोलायचो, हे खरंच होतं! पण बाकीच्या बोलणाऱ्यांच्या खाटा जागच्या हलल्या नाहीत.

मुलांचं मी समजू शकते. फादरचं नाही. ज्याच्या हातात शाळेतून काढण्याचा अधिकार आहे, त्याने कोणाला वाचवतोय हे आधी स्वतःला विचारायला हवं. शेवटच्या अंकात वरिष्ठ फादर नेमकं तेच विचारतात. ते सुप्लियेलाही काढतात आणि द प्रादना त्याला पुन्हा न भेटण्याची आज्ञा करतात. सेव्रेला जे सोसायला लावलं, तेच त्यांच्या वाट्याला येतं. शीर्षक बायबलमधल्या उपदेशक पुस्तकाच्या दहाव्या अध्यायातलं आहे. राजा पोर असलेल्या देशाची तिथे कीव केली आहे. मला तर त्या नगरीत सर्वांत पोरकट फादरच वाटतात.

आता दुसरा प्रश्न. नाटक छापून आलं १९५१ साली, पॅरिसला व्यावसायिक प्रयोग झाला १९६७ साली. मधली वर्षं लेखकच परवानगी देत नव्हता. कागदावर जो संकोच वाचकाला कळतो तो रंगमंचावर चवीने पाहिला जाईल, ही धास्ती मला समजते. शिवाय जखम त्याची स्वतःची होती. १९१२ साली तो न्यईच्या सेंत-क्रुआ या शाळेतून काढला गेला होता, आणि नाटक छापून आलं तेव्हा त्या गोष्टीला जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती.

तिसरा अंक पुन्हा वाचाल तेव्हा वरिष्ठांची वाक्यं सोडा, द प्राद कुठे गप्प राहतात ते बघा.