शॉटहोलचं सबकॉन्ट्रॅक्ट घ्यायलास तर आधी स्टँडबाय बघ

भावा, बोअरची मशीन घेऊन सिस्मिकच्या (जमिनीत स्फोट करून तेल-गॅस शोधायच्या सर्व्हेच्या) शॉटहोलचं, म्हणजे सुरुंगासाठी भोकं पाडायचं काम धरायलास ते चांगलंय, पण मीटरचा रेट बघून हुरळून जाऊ नको. आपल्याकडं लातूर-नांदेडात सोयाबीन उभं असलं की शेतकरी भरपाईचं ठरल्याशिवाय रानात मशीन घालू देत नाही, मग डिझेल, पोरांचा भत्ता सगळं चालू अन् होल शून्य. त्या थांबलेल्या दिवसाचे, म्हणजे स्टँडबायचे, पैसे कोण देणार हे लिहून नसलं तर मेन कॉन्ट्रॅक्टर सरळ हात वर करतो, वरून उशिराचा दंड पण तुझ्याच बिलातून कापतो. म्हणून रोजचा रिपोर्ट ठेव: कोणती लाईन, कोणता पॉइंट, मशीन कितीपासून उभी, कशामुळं, अन् खाली पार्टी चीफची (सर्व्हे टीमच्या प्रमुखाची) सही. सही देईना तर त्याच रात्री मेल टाक.

२०१४ चं ओएनजीसी विरुद्ध वेस्टर्न जेको वाच. सर्व्हे जहाजाचे हायड्रोफोन (पाण्यातला आवाज टिपायची यंत्रं) अमेरिकेच्या लायसन्सपायी रखडले अन् उशिराचे दिवस कोणाच्या माथी मारायचे याचं भांडण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. एवढ्या मोठ्यांचं हे, तर आपलं काय!

"वरून पेमेंट आलं की देतो" असं लिहिलेलं असलं तर शेवटची तारीख टाकून घे. पैसे अडकले म्हणून रेकॉर्डिंगची डिस्क दाबून ठेव असं कोणी शिकवलं तर अजिबात ऐकू नको, डेटा सरकारचा असतो, उलटी केस तुझ्यावरच पडंल. अन् लवादाचा निकाल विरोधात गेला तर तो रद्द करा म्हणून कोर्टात अर्ज करायला लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली ३ महिने मिळतात, सबळ कारण असलं तर वर ३० दिवस, त्यापुढं कोर्ट घेत नाही.