मेडिकलमध्ये मिक्स करून दिलेलं मलम लावावं का? डबीवर काहीच लिहिलेलं नाही

नुसती पांढरी डबी असेल आणि तिच्यावर एक अक्षर नसेल तर आज लावू नका, परत घेऊन जा आणि लेबल मागा. स्किनच्या डॉक्टरांनी दोन-तीन औषधं एकत्र करून द्यायला सांगणं यात वावगं काही नाही, त्यामुळं घाबरू नका.

मी सांगलीत फार्मासिस्ट आहे, आधी मिरजेला हॉस्पिटलच्या फार्मसीत होते तिथं असली मलमं रोज बनायची. पूर्वी तर बहुतेक औषध असंच मिळायचं, कंपाउंडर बाटलीत मिक्स्चर भरून बाहेरनं कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक डोस. आता सगळं कंपनीचं तयार येतं म्हणून दुकानातनं ती सवय गेली आणि सवयीबरोबर स्वच्छतेची शिस्तपण गेली, माझं तरी हेच मत आहे.

लोक एसी आणि काचेचा दरवाजा बघून दुकान स्वच्छ आहे म्हणतात. मी फडकं बघते. काउंटर पुसायला तेच, वजनकाट्याला तेच, आणि ज्या टाइलवर मलम घोटायचं तिलाही तेच ओलं फडकं असेल तर बाकी कितीही चकाचक असू दे, मी तिथं मलम बनवून घेणार नाही. नीट करणारा माणूस अंगठी-घड्याळ काढतो, साबणानं हात धुतो, ग्लोव्हज घालतो, टाइल आणि स्पॅच्युला (मलम घोटायची चपटी पट्टी) धुऊन कोरडं करून स्पिरिटनं पुसतो आणि ते वाळेपर्यंत थांबतो. हे थांबणंच गर्दीत कुणाला जमत नाही. (स्पिरिट ७० टक्केवालंच चांगलं, त्यात पाणी असतं म्हणून ते जंतूंवर नीट काम करतं, प्युअर अल्कोहोल उलट कमी पडतं. पण काही जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांचं टणक कवचातलं रूप, स्पिरिटनं मरत नाहीत, म्हणून आधी धुणं आलंच.)

दुसरं पाणी. तुमच्या डबीत नुसतं व्हॅसलीन आणि सॅलिसिलिक अॅसिडसारखं काही असेल तर जंतू वाढायला तिथं फारसा वाव नसतो. पण क्रीम, लोशन, किंवा लहान मुलांसाठी गोळी कुटून केलेलं पातळ औषध असेल तर त्यात पाणी आलं, आणि ते डिस्टिल्डच पाहिजे, नळाचं नको आणि २० लिटरच्या जारचंही नको. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी कसं गढूळ होतं हे सांगलीकरांना मी काय सांगायचं.

आणि मूळ ट्यूबवरची एक्स्पायरी विसरा, ट्यूब पिळून दुसऱ्यात मिसळली की ती तारीख संपली. अमेरिकेच्या फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत नियमग्रंथात, पाणी असलेलं, प्रिझर्व्हेटिव नसलेलं औषध फ्रिजमध्ये ठेवून जास्तीत जास्त १४ दिवस आणि प्रिझर्व्हेटिव असेल तर ३५ दिवस असा साधारण हिशोब आहे. तुमच्या डबीवर म्हणूनच बनवल्याची तारीख पाहिजे, आत काय काय आहे ते, कधीपर्यंत वापरायचं ते, दुकानाचं नाव, तुमचं नाव आणि ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’. आपल्याकडं कायद्यानं असं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनं स्वतः किंवा त्याच्या डोळ्यासमोरच बनवायचं असतं, काउंटरवरच्या पोरानं नाही. त्याच कायद्याच्या नियमांत शेड्यूल एन म्हणून एक भाग आहे त्यात तर औषध बनवायच्या जागेला किमान ६ चौरस मीटर, धुता येणारी फरशी, भेगा नसलेल्या भिंती, मुबलक चांगलं पाणी, सगळं लिहिलेलं आहे. कागदावर काहीच कमी नाही हो.

मलमापर्यंत ठीक आहे, पण डोळ्यात टाकायचं किंवा टोचायचं औषध कुणी असं काउंटरमागं बनवून देत असेल तर सरळ नको म्हणा. त्याला वेगळी खोली, लॅमिनार फ्लो म्हणजे गाळलेल्या हवेचा एकाच दिशेनं वाहणारा झोत, पूर्ण पोशाख लागतो. २०१२ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एका कंपाउंडिंग फार्मसीतल्या (औषधं मिसळून बनवून देणाऱ्या) स्टेरॉइड इंजेक्शनात बुरशी निघाली, पाठदुखीसाठी मणक्यात ते घेतलेले ७५० च्या आसपास लोक आजारी पडले, साठाहून जास्त दगावले. तपासणीत काय सापडलं तर दारातली पायाची धूळ धरणारी चिकट मॅटच मळलेली, क्लीन रूमशेजारी (इंजेक्शनं बनवायच्या निर्जंतुक खोलीशेजारी) गळणारा बॉयलर, रात्री बंद ठेवलेला एसी. म्हणजे सगळी रोजच्या झाडलोटीतलीच कामं, कुणी केली नाहीत.

घरी एवढंच करा, डबीत बोट घालू नका, स्वच्छ कोरड्या चमच्यानं काढा, पाणी सुटलं, रंग किंवा वास बदलला तर टाकून द्या. आणि लेबल मागितलं म्हणून दुकानदार चिडला तर तीच चिठ्ठी घेऊन पुढच्या दुकानात जा, सांगली-मिरजेत मेडिकलला काय तोटा आहे.