चोवीस कापडी डायपर एकदम घ्यायचे का?

प्रश्न: आमचं बाळ दोन महिन्यांत येईल. २४ कापडी डायपरचा संच सवलतीत मिळतोय, पैसे क्रेडिट कार्डावर सहा हप्त्यांत देता येतील. डिस्पोजेबलपेक्षा कापडी स्वस्तच पडतात, असं सगळे सांगतात. घेऊन टाकू का?

उत्तर: ‘घेऊन टाकू’मधला ‘टाकू’ जरा बाजूला ठेवूया. कापडी डायपर स्वस्त पडतात हे खरं, पण धुणं नेमानं होत असेल तरच. म्हणून आधी धुण्याचा हिशोब मांडू. किमती जागोजागी वेगळ्या, तेव्हा पैशांऐवजी डिस्पोजेबलच्या नगांतच मोजतो. तुमचा दर तुम्ही घाला.

पहिल्या महिन्यात दिवसाला १० डायपर धरा, पुढचे पाच महिने ८, त्यानंतर दोन वर्षांचं होईपर्यंत ६. एकूण साधारण ४,७४० नग. पहिला महिना कापडीतून वगळलाय, कारण सांगतो पुढे. उरले ४,४४०. एक कापडी डायपर २० डिस्पोजेबलच्या किमतीचा धरला, तर तुमचा संच झाला ४८० नगांचा. एक दिवसाआड मशीन लावलं तर २३ महिन्यांत सुमारे ३४५ धुणी होतात. पाणी, वीज, साबण मिळून एका धुण्याला ३ नग खर्च धरा: १,०३५. म्हणजे २,९०० नगांच्या आसपास शिल्लक. चांगलीच रक्कम आहे.

आता त्यातला एकच आकडा हलवून बघा. कपडे ड्रायरमध्ये वाळवावे लागत असतील किंवा बाहेर धुवायला द्यावे लागत असतील आणि धुणं ३ ऐवजी ९ नगांना पडलं, तर शिल्लक साडेआठशेवर येते. संचावरची सवलत या फरकापुढे किरकोळ आहे.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. ‘रात्री आणि बाहेर जाताना डिस्पोजेबल, घरी कापडी’ असं बहुतेकांचं होतं, आणि त्यात गैर काही नाही. पण वापर निम्मा झाला म्हणून बचत निम्मी राहत नाही. १२ डायपर घेतलेत आणि मशीन तरीही एक दिवसाआडच लावलंत, तर शिल्लक राहते साधारण ९५० नग, म्हणजे तिसरा हिस्सा. मशीन अर्धं रिकामं फिरलं म्हणून खर्च अर्धा होत नाही ना! निम्माच वापर करणार असाल, तर डायपर आधी वेगळे खळबळून काढा आणि मग घरच्या रोजच्या धुण्यातच घाला.

मध्येच कंटाळून सोडलं तर? पूर्ण संचाची किंमत भरून निघायला अडीच महिने लागतात. त्याआधी सोडलंत तर तोटा.

आता पहिल्या महिन्याचं. बटणांनी लहान-मोठे होणारे ‘सगळ्या वयांसाठी’ म्हणून विकले जाणारे डायपर साधारण चार किलोच्या पुढेच नीट बसतात. आम्ही आमच्या वेळी हौसेनं सगळा संच आधीच आणून, धुऊन, घड्या घालून ठेवला होता. बाळाच्या मांड्या माझ्या दोन बोटांएवढ्या! इलास्टिक आणि मांडी यांच्यामध्ये फट राहायची आणि दर वेळी दुपटं ओलं. महिनाभर संच कपाटात आणि डिस्पोजेबल दारात, दोन्हीकडून खर्च.

म्हणून माझा सल्ला: आत्ता फक्त सहा घ्या, तेही दोन-तीन प्रकारचे. आतलं पॅड सुती किंवा बांबूचं असेल तर ते पाच-सहा धुण्यांनंतर पुरतं शोषायला लागतं. पहिल्याच दिवशी गळलं म्हणून मोडीत काढू नका. कपडे मऊ करणारं द्रव्य मात्र धुण्यात घालू नका, त्यानं शोषण कमी होतं. तीन आठवडे वापरा आणि पॅड वाळायला किती तास लागतात ते दमट दिवशी एकदा घड्याळ लावून बघा. पूर्ण एका दिवसातही वाळत नसतील तर एक दिवसाआड धुऊन २४ चा संच पुरणार नाही, आणखी घ्यावे लागतील. जमलं तर उरलेले घ्या. सवलती परत येतात.

हप्त्यांना माझा नकार आहे, बिनव्याजी असले तरी. बाळंतपणाच्या आसपासच्या महिन्यांत कधी काय खर्च निघेल सांगता येत नाही, आणि कार्डाचा एक हप्ता चुकला की दंड नि व्याज मिळून सवलत फस्त. सहा डायपर रोखीनं सहज येतील.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आलेली नाही: धुणार कोण? आठवड्याला तीन-चार धुणी, त्याआधी शी काढून टाकणं, वाळत घालणं, पॅड परत भरणं. बाळंतीण पहिले काही आठवडे यात धरायची नाही. वार वाटून घ्या आणि मगच वरच्या आकड्यांवर विश्वास ठेवा.

ओळखीत कोणाचा वापरलेला संच मिळाला तर तो सगळ्यांत फायद्याचा. घेताना मांडीजवळचं इलास्टिक ताणून सोडा, ते चटकन परत यायला हवं. बाहेरचं आवरण आतून उजेडासमोर धरा. जलरोधक थर सुटलेला किंवा तडकलेला दिसला तर फुकट मिळालं तरी घेऊ नका.