पायी वारीची तयारी: चालण्याइतकीच मुक्कामाचीही

आपण विचारले आहे की, वय 48, नोकरी बैठी, यंदा प्रथमच माउलींच्या पालखीसोबत आळंदी ते पंढरपूर पूर्ण पायी जायचे आहे, हाताशी अडीच महिने आहेत आणि पाठीवर वजन घेऊन रोज सकाळी झपझप आठ किलोमीटर चालणे सुरू केले आहे, तर एवढी तयारी पुरेल का आणि सॅक कोणती घ्यावी. माझ्या 11 वाऱ्या झाल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की चालण्याचा सराव सोडू नका, मात्र त्याची पद्धत बदला, आणि उरलेला वेळ मुक्कामाच्या तयारीला द्या. नवखे वारकरी मी रस्त्यापेक्षा मुक्कामावर खचलेले अधिक पाहिले आहेत.

सॅकचा विचार आधी बाजूला ठेवू. आपण दिंडीत नाव नोंदवले, तर सामान दिंडीच्या ट्रकमधून पुढच्या मुक्कामी जाते आणि अंगावर फक्त खांद्याची लहान पिशवी राहते. म्हणून पहिले काम दिंडी ठरवण्याचे आहे आणि ते आजच करावे. रथापुढे 27 दिंड्या चालतात आणि रथामागे त्याहून कितीतरी अधिक. प्रत्येकीला क्रमांक असतो आणि मुक्कामाची जागाही ठरलेली असते. दिंडीप्रमुखांशी बोलताना भिशी, म्हणजे दिंडीची जेवण-मुक्कामाची वर्गणी, किती एवढेच विचारून थांबू नका. राहुटीत किती जण झोपतात, महिलांची व्यवस्था वेगळी आहे का, पाण्याचा टँकर दिंडीचा स्वतःचा आहे का आणि आजारी पडल्यास वाहनात बसण्याची सोय आहे का, हेही विचारा. दिंडीविना एकट्याने चालणारेही अनेक असतात. परंतु पहिल्या वर्षी रोज संध्याकाळी पाठ टेकायला जागा शोधण्यात जी शक्ती जाते, ती आपल्याजवळ शिल्लक राहणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता सरावाविषयी. सुमारे अडीचशे किलोमीटरचे हे अंतर अठरा-वीस दिवसांत विभागलेले आहे. लोणंद ते तरडगाव हा टप्पा जेमतेम 8 किलोमीटरचा आहे, इतर बरेच टप्पे पंधरा ते वीसच्या घरातले आहेत आणि पुणे ते सासवड हा एकच टप्पा तिसाच्या पुढे जातो. आकडे पाहून धीर येतो, पण दिंडीची चाल वेगळी असते. अभंगाच्या ठेक्यावर चार पावले पुढे जायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे आणि विसाव्याला रस्त्याच्या कडेलाच बसायचे, असे दहा-बारा तास चालते. यात दम लागत नाही. कंबर आणि तळपाय मात्र भरून येतात. तेव्हा आठवड्यातून दोन दिवस झपझप चालण्याऐवजी डांबरी रस्त्यावर सावकाश चार-पाच तास काढा, आणि शेवटच्या महिन्यात दोन लागोपाठच्या दिवशी तसे चाला, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना होते.

पुणे-सासवड टप्प्यातल्या दिवे घाटाचा दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. वाटचालीतील सर्वांत लांब टप्पा, वडकीनंतरची चढण, प्रचंड गर्दी आणि त्यात उपवास. वाटेत जागोजागी साबुदाण्याची खिचडी प्रेमाने हातात दिली जाते. ती वारंवार खाल्ल्याने घाट चढताना पित्त उसळते. केळी, खजूर, शेंगदाण्याचा लाडू आणि मीठ-साखरेचे पाणी यांवर तो दिवस काढावा. पित्ताचा किंवा मधुमेहाचा त्रास असल्यास उपवासाबाबत डॉक्टरांना विचारूनच निघावे.

पायांसाठी नवे काही घेऊ नका. किमान दोन महिने वापरलेले हलके बूट आणि मागे पट्टा असलेली सँडल असे दोन जोड असावेत, म्हणजे एक भिजला की दुसरा हाताशी राहतो. रोज पहाटे बोटांच्या बेचक्यांत, टाचेला आणि मांड्यांना व्हॅसलीन चोळावे. ओल्या कपड्यांत मांड्या काचल्या की फोडांपेक्षाही अधिक हाल होतात. फोड आलाच तर तो फोडू नये, त्यावर पट्टी बांधावी. सुईदोऱ्याचा उपाय प्रेमाने सुचवणारे अनेक भेटतील, पण त्या चिखलात जखम उघडी करणे मला कधीच पटले नाही.

मुक्कामाकडे येतो. माझ्या पहिल्या वारीत सासवडला रात्रभर पाऊस पडला. माझी वळकटी ट्रकमध्ये नुसत्या चादरीत गुंडाळलेली होती. जेजुरीला ती उघडली तेव्हा सतरंजीच्या घडीतून पाणी निथळत होते. दोन रात्री तशाच ओलीवर काढल्या, वाल्ह्याला ताप भरला आणि लोणंदहून मला ट्रकमध्ये बसून पुढे जावे लागले. तरडगावच्या वाटेवरचे चांदोबाच्या लिंबाचे पहिले उभे रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावण्याचा सोहळा, त्या वर्षी हुकले, आणि ते हुकल्याचे दुःख मला आजही आहे. तेव्हापासून प्रत्येक वस्तू आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग वळकटीत बांधतो, आणि खाली अंथरायला प्लास्टिकचा मोठा कागद वेगळा ठेवतो. आपणही ही सवय लावून घ्यावी.

पहाटे अडीच-तीनला उठणे, टँकरच्या नळाखाली गर्दीत थंड पाण्याने आंघोळ, अंधारात वळकटी बांधून ट्रकपाशी पोहोचवणे आणि रात्री टाळ-मृदंगाच्या आवाजातही झोपणे, या गोष्टी निघण्यापूर्वी पंधरा दिवस घरी करून पाहाव्यात. जमिनीवर चटई टाकून झोपा आणि रात्री नऊला दिवा घालवा. घरच्यांना आश्चर्य वाटेल, पण पाठीला सवय लागेल. पाणी टँकरचे असेल तर क्लोरीनचे थेंब टाकूनच प्यावे. जुलाब सुरू झाले की दोन टप्पे हातचे जातात.

ऋतूबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. पाऊस बहुतेक करून नीरेपर्यंत सोबत करतो. नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घातल्यानंतर पालखी सातारा जिल्ह्यात शिरते आणि फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस हा सगळा पट्टा अवर्षणाचा आहे. रस्त्याचे रुंदीकरण झाल्यापासून जुन्या झाडांची सावलीही तेथे राहिलेली नाही. त्यामुळे रेनकोटइतकेच उपरणे, टोपी आणि जलसंजीवनीची पाकिटे महत्त्वाची आहेत.

कार्यालयातून रजा मागताना प्रस्थानाची ज्येष्ठ वद्य अष्टमी आणि आषाढी एकादशी एवढ्याच तारखा धरू नका. तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली की एखाद्या गावचा मुक्काम कमी-जास्त होतो, म्हणून आळंदीच्या संस्थानाने जाहीर केलेले त्या वर्षीचे वेळापत्रक पाहूनच रजा टाका आणि शेवटी दोन दिवस मोकळे ठेवा. एकादशीला पदस्पर्श दर्शनाची रांग अनेक तासांची असते. चंद्रभागेचे स्नान, नामदेव पायरी आणि कळसाचे दर्शन घेऊन माघारी फिरणारे वारकरी पुष्कळ आहेत, आणि त्यांची वारी पूर्णच असते. परतीच्या एसटीचे किंवा रेल्वेचे मात्र आधीच ठरवून ठेवा, कारण द्वादशीला उपवासाचे पारणे करून सगळेच एकदम निघतात.