ताट वेगळं कशासाठी?

प्रश्न : माझ्या पत्नीला (वय २६) फुप्फुसाचा टीबी झाला. गोळ्यांचा चौथा महिना चालू आहे. दोन महिन्यांनंतरचा बेडका निगेटिव्ह आला, औषध लागू पडलंय असं डॉक्टर म्हणतात. पण ती बोलत नाही, अर्ध्या जेवणावरून उठते, गुडघे दुखतात म्हणते. आमच्या आईने तिचं ताट-तांब्या वेगळं केलंय, चार वर्षांच्या मुलीला आजोळी पाठवलंय. शेजाऱ्यांना तिला कावीळ झाली म्हणून सांगितलंय. कुठलं टॉनिक द्यावं? – स. क., सोलापूर

उत्तर : टॉनिक राहू द्या. आधी मुलीला घरी आणा.

मी टीबीची हेल्थ व्हिजिटर होते, निवृत्त होईपर्यंत घरोघर फिरले. गोळ्यांनी मळमळतं, लघवी लाल-केशरी होते, ही तक्रार बायका सहज सांगायच्या. रडायच्या मात्र ताटावरून आणि लेकरावरून. तुमची पत्नी अर्ध्या जेवणावरून उठते. ती कुठे बसून जेवते, तेही एकदा बघा.

टीबी ताटातून, तांब्यातून, कपड्यातून पसरत नाही. तो खोकल्यातून हवेत जातो, आणि औषध लागू पडलं की काही आठवड्यांतच लागण होण्याची शक्यता खूप कमी होते. हे आईंना तुम्ही सांगा, सुनेला सांगायला लावू नका. त्यांची भीती खोटी नाही; त्यांच्या तरुणपणी टीबीनं माणसं गेलेली त्यांनी पाहिली असतील. त्यांना मद्रासचं सांगा. तिथे १९५६ मध्ये रुग्णांचे दोन गट केले, एकावर सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास रुग्णालयात ठेवून उपचार, दुसऱ्यावर घरीच, तेही गरीब, दाटीच्या वस्तीत. पुढे पाच वर्षं घरच्यांवर लक्ष ठेवलं. घरी उपचार घेतलेल्यांच्या कुटुंबात टीबी जास्त झाला नाही. त्या वेळी आजच्याइतकी प्रभावी औषधंही नव्हती.

मुलीबद्दल मला वेगळीच काळजी वाटते. पाच वर्षांखालच्या मुलाच्या घरात टीबी निघाला की त्याची तपासणी व्हायलाच हवी, आणि आजार नसेल तर प्रतिबंधक औषध सुरू करतात. ती आजोळी गेल्यामुळे हे राहून तर गेलं नाही ना? याच आठवड्यात तिला सरकारी दवाखान्यात न्या. आईंची आणि तुमचीही तपासणी करून घ्या.

आता खाणं. झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही महिन्याचा जादा शिधा दिला, तांदूळ आणि तूरडाळ. २०२३ मध्ये निकाल आला : अशा घरांत नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी. म्हणजे आईंना घर वाचवायचं असेल तर त्यांनी सगळ्यांच्याच पानात जास्त वाढावं. महागडी प्रोटीन पावडर नको. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, चालत असतील तर रोज अंडी. एकदम जात नसेल तर थोडं थोडं, पाच वेळा. टीबीच्या रुग्णांना खाण्यासाठी सरकार देतं ते निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये झालेत. ते तिच्या खात्यावर येतात का पाहा, आणि ते तिच्याच खाण्यावर खर्च होऊ द्या.

गुडघ्यांचं डॉक्टरांच्या कानावर घाला. सांधे दुखवणारी गोळी सहसा पहिल्या दोन महिन्यांतच असते, त्यामुळे चौथ्या महिन्यातलं दुखणं तपासायला हवं. तळपायांना मुंग्या येत असतील, नजर अंधूक झाली असेल किंवा लाल-हिरवा रंग ओळखताना गोंधळ होत असेल, तर तेही. शेजाऱ्यांना कावीळ सांगितलीत, पण या गोळ्यांनी खरोखरची कावीळ होऊ शकते. सारख्या उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मुलगी घरी येऊनही ती गप्पच राहिली, झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असं बोलली, तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सोडून देऊ नका. उदासीवरही उपचार आहेत. टीबीच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आधी तुम्ही बोललात तरी चालेल.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाहीत आणि दवाखान्यातही बहुतेक कुणी सांगितलं नसेल. तुम्ही नवराबायको आहात, जवळ यायला हरकत नाही. मात्र टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही. उपचार संपून महिनाभर होईपर्यंत निरोध वापरा, किंवा तांबीबद्दल तिच्या डॉक्टरांना विचारा.